तंजावरची वीणा : मेळ आणि नाद

तंतुवाद्य सुरात लावणे म्हणजे खुंट्या पिळून तारा जुळविणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तंबोऱ्याच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी आहे. तंबोऱ्याच्या चार तारा मोकळ्याच वाजतात; त्यांच्यावर कोठेही बोट दाबावयाचे नसते. परंतु ज्या वाद्याला पडदे आहेत, त्याच्या बाबतीत तारा जुळविणे हा केवळ अर्धा भाग होय. मोकळी तार कितीही सुरेल लावली, तरी पडदा आपल्या जागेवरून तांदळाच्या दाण्याएवढा सरकला असेल, तर त्या पडद्यावर निघणारा स्वर बेसूरच होणार. हा उरलेला अर्धा भाग कसा साधला जातो, हे समजून घेण्यासाठी तंजावरच्या वीणेसारखे दुसरे उदाहरण नाही. कारण या वाद्याचे चोवीस पडदे लाकडात ठोकलेले नसून मेणात बसविलेले असतात.

तंजावर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे स्थापिलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. या घराण्यातील पहिल्या तुळजाजीराजांनी (कारकीर्द १७२८ ते १७३६) ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात (१७९८ ते १८३२) कर्नाटक संगीताबरोबरच पाश्चात्त्य वाद्येही वाजू लागली. परंतु वीणेची कथा या राज्याच्या आधीची आहे. वीणेला आजचे रूप रघुनाथ नायक या राजाच्या काळात (१६०० ते १६३४) तंजावरात मिळाले, असे परंपरा सांगते. या वीणेला अद्यापही ‘रघुनाथ वीणा’ असे म्हणतात.

सर्व रागांसाठी एकच मेळ

रघुनाथ नायकाच्या काळात जो बदल घडून आला त्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रामामात्य या ग्रंथकाराने १५५० साली लिहिलेल्या ‘स्वरमेलकलानिधि’ या ग्रंथात वीणांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकीत प्रत्येक रागासाठी पडदे पुढेमागे सरकवावे लागतात. दुसरीत पडदे एकदाच बसविले की त्यांवर सगळे राग वाजविता येतात. पहिलीला त्याने एकरागमेळ वीणा आणि दुसरीला सर्वरागमेळ वीणा म्हटले आहे.

पहिला प्रकार आपल्याकडे आजही जिवंत आहे. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की सतारिये कोमल किंवा शुद्ध स्वराचा पडदा बोटाने सरकवून घेतात. दक्षिणेने दुसरा मार्ग पत्करला. प्रत्येक सप्तकात बारा, याप्रमाणे दोन सप्तकांत चोवीस पडदे बसवावयाचे आणि ते पुन्हा हलवावयाचे नाहीत, ही व्यवस्था तंजावरात रूढ झाली. गोविंद दीक्षितांचे पुत्र वेंकटमखी यांनी सतराव्या शतकात तंजावरच्याच दरबारात ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ लिहून बहात्तर मेळांची जी योजना मांडली, तिच्या मुळाशीही सप्तकाचे हेच बारा भाग आहेत.

येथे ‘मेळ’ या शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. शास्त्रकाराच्या लेखी मेळ म्हणजे रागाला आधारभूत असलेला स्वरसमूह. वीणा घडविणाऱ्या कारागिराच्या लेखी मात्र ‘मेळम्’ म्हणजे मेणात बसविलेल्या पडद्यांची संपूर्ण मांडणी. एकच शब्द ग्रंथात स्वरांची व्यवस्था सांगतो आणि कारखान्यात धातूच्या पट्ट्यांची.

वाद्याची रचना

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. तिची लांबी सुमारे सव्वाशे सेंटिमीटर भरते. एका टोकाला कोरून पोकळ केलेले मोठे कुंभ असते; त्यावर पातळ लाकडी तबली बसविलेली असते. त्यापुढे पोकळ दांडी आणि दुसऱ्या टोकाला खाली वळलेले यालीचे, म्हणजे काल्पनिक सिंहमुखी प्राण्याचे, तोंड. या टोकाखाली एक दुसरा लहान भोपळा असतो. त्याचा मुख्य उपयोग मांडीवर आधारासाठी होतो. कुंभ, दांडी व मुख ही तिन्ही अंगे एकाच ओंडक्यातून कोरली, तर त्या वीणेला एकांड वीणा म्हणतात व तिचे मोल अधिक समजले जाते.

तारा सात असतात. त्यांपैकी चार पडद्यांवरून जातात : सारणी, पंचम, मंद्र आणि अनुमंद्र. सारणी मध्य षड्जात, दुसरी मंद्र पंचमात, तिसरी मंद्र षड्जात आणि चौथी त्याहूनही खालच्या, अनुमंद्र पंचमात लावतात. उरलेल्या तीन तारा बाजूने जातात. त्या षड्ज, पंचम व तार षड्ज या स्वरांत लावून केवळ ताल दाखविण्यासाठी छेडल्या जातात. चार तारा आणि चोवीस पडदे मिळून सुमारे साडेतीन सप्तकांचा पल्ला हाती येतो.

चौथ्या तारेचा खर्ज किती खोल आहे, याची कल्पना आकड्यांवरून येईल. सारणीचा षड्ज दर सेकंदाला १६५ कंपनांचा धरला, तर मंद्र षड्ज साडेब्याऐंशी आणि अनुमंद्र पंचम सुमारे ६२ कंपनांचा होतो. आधुनिक वाद्यवृंदात खर्जाचे काम करणाऱ्या विजेच्या बेस गिटारच्या चार तारा अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनांना लावतात. म्हणजे वीणेची चौथी तार बेस गिटारच्या दुसऱ्या व तिसऱ्या तारांच्या दरम्यान बोलते.

पडद्याची जागा कशी ठरते

तारेची लांबी आणि स्वराची उंची यांचा संबंध सरळ गणिताचा आहे. हिशेबाच्या सोयीसाठी मेरूपासून, म्हणजे खुंट्यांकडील पट्टीपासून, घोडीपर्यंत मोकळ्या तारेची लांबी ९० सेंटिमीटर आहे असे धरू. तार बरोबर मध्यावर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर, दाबली की तार षड्ज मिळतो. येथे बारावा पडदा येतो. घोडीकडील भाग ६० सेंटिमीटर राहिला की पंचम, साडेसदुसष्ट राहिला की शुद्ध मध्यम, ७२ राहिला की आपला शुद्ध गांधार, आणि ८० राहिला की शुद्ध ऋषभ मिळतो. पुढच्या सप्तकाचे बारा पडदे उरलेल्या ४५ सेंटिमीटरच्या अर्ध्यात, म्हणजे केवळ साडेबावीस सेंटिमीटरांत, बसवावे लागतात. घोडीकडे जाताना पडदे दाटत जातात ते यामुळे.

या दाटीचा परिणाम गंभीर आहे. ऋषभाचा पडदा एक मिलिमीटर चुकला, तर ऐंशी सेंटिमीटरांत ती चूक आठशेंत एक एवढी होते. शेवटचा पडदा तेवढाच चुकला, तर ती सव्वादोनशेंत एक होते. म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. यास्तव वरच्या सप्तकात कारागिराचा हात अधिक सावध असावा लागतो.

परंतु गणित येथेच संपत नाही. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि ताणलेल्या तारेचा स्वर चढतो. म्हणून गणिताने काढलेल्या जागी पडदा बसविला तर स्वर थोडा चढाच लागेल. किती चढेल, हे तारेची जाडी, तिचा धातू, पडद्यापासून तारेची उंची आणि वादकाच्या बोटाचा दाब या सर्वांवर अवलंबून असते. चार तारा चार प्रकारच्या. त्यांतल्या दोन पोलादी, तर खर्जाच्या दोन पितळी किंवा वेटोळ्याच्या. पडदा मात्र चौघींना मिळून एकच.

हीच अडचण बेस गिटार करणाऱ्यांपुढेही होती. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले. त्या नावाचा अर्थच ‘अचूक’ असा आहे. मोठ्या उभ्या बेसला पडदे नसतात, या नव्या वाद्याला पडदे होते आणि त्यांच्यामुळे स्वर नेमका लागत असे. गिटारचे पडदे लाकडात पक्के ठोकलेले असल्याने ते हलविता येत नाहीत. म्हणून आजच्या बेस गिटारमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र लहान घोडी ठेवतात. स्क्रू फिरवून ती मागेपुढे सरकविली की त्या एका तारेची लांबी कमीअधिक होते. वीणेत याच्या उलट आहे : चारही तारांना घोडी एक, आणि हलविता येतात ते पडदे.

दोन्ही वाद्यांची परीक्षा मात्र एकाच रीतीने होते. तारेच्या बरोबर मध्यावर बोट न दाबता केवळ टेकवून तार छेडली की तार षड्जाचा स्वच्छ, घंटेसारखा स्वर निघतो. मग बाराव्या पडद्यावर तार दाबून छेडावयाची. दोन्ही स्वर एकजीव झाले तर पडदा योग्य जागी आहे. दाबलेला स्वर चढा लागला, तर पडदा मेरूकडे सरकवावयास हवा. उतरा लागला, तर घोडीकडे. बेस गिटारमध्ये पडद्याऐवजी घोडी सरकते, आणि स्वर चढा असेल तर ती मागे घेऊन तार लांब करतात, इतकाच फरक.

मेणातील मेळ

मेळ बांधण्याचे काम वीणा घडविण्याच्या कामाहून निराळे मानले जाते. मधमाशीच्या मेणात कोळशाची पूड मिसळून काळा, घट्ट लगदा तयार करतात. दांडीच्या दोन्ही कडांना या मेणाच्या लांब उभ्या भिंती उभारल्या जातात. मेण कोमट असतानाच त्यांवर धातूचे पडदे आडवे ठेवून अंदाजाने दाबतात. येथपर्यंतचे काम हाताचे, पुढचे कानाचे.

तारा प्रथम मोकळ्या सुरात लावून घेतात. खुंटी पिळून स्वर जवळपास आणावयाचा, आणि तारदानाच्या बाजूला तारांवर सरकणाऱ्या ज्या लहान कड्या असतात, त्यांनी उरलेला सूक्ष्म फरक काढून टाकावयाचा. त्यानंतर एकेक पडदा मोकळ्या तारांशी ताडून पाहतात. सारणीवरील सातव्या पडद्याचा पंचम बाजूच्या पंचमाच्या तारेशी मिळाला पाहिजे. दुसऱ्या तारेवरील पाचवा पडदा मोकळ्या सारणीच्या षड्जाशी मिळाला पाहिजे. दोन स्वर जवळजवळ येऊन अजून एक झाले नसतील, तर त्यांच्या मिश्रणात लाटांसारखी थरथर ऐकू येते. फरक कमी होत जातो तशी ही थरथर मंद होत जाते, आणि स्वर मिळाले की ती थांबते. कारागीर या थांबण्याची वाट पाहत असतो.

काही ठिकाणी मात्र दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करता येत नाहीत. दुसऱ्या पडद्याचे उदाहरण घ्या. सारणीवर तो ऋषभ देतो. षड्जाच्या नऊ-अष्टमांश पटीने तो उत्तम लागतो. पण हाच पडदा पंचमाच्या तारेवर धैवत देतो, आणि ऋषभासाठी बसविलेल्या जागी तो धैवत १.६८७५ पटीचा येतो. गांधाराशी गोड जुळणारा धैवत १.६६६७ पटीचा असतो. फरक ऐंशीत एक एवढाच आहे, परंतु तयार कानाला तो स्पष्ट जाणवतो. ऋषभ सांभाळावा की धैवत, याचा निवाडा मोजपट्टी करीत नाही. मेळ बांधणाऱ्याला तो करावा लागतो.

या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोठा खल झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास तंजावरचे वैद्य आणि संगीतज्ञ अब्राहम पंडितर (१८५९ ते १९१९) सप्तकाचे समान भाग करण्याच्या बाजूने युक्तिवाद करीत होते. त्यांचा ‘करुणामृत सागरम्’ हा प्रचंड तमिळ ग्रंथ १९१७ साली बाहेर पडला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेला पंडितर उपस्थित होते, आणि आपले म्हणणे त्यांनी वीणेच्या साहाय्याने मांडले. समान विभागणीचा धैवत १.६८१८ पटीचा येतो, म्हणजे वरील दोन धैवतांच्या मध्ये. ती सर्वांना थोडे थोडे देते आणि कोणालाच पुरते देत नाही.

मग वीणा गोड कशी वाजते? याचे उत्तर वादकाच्या डाव्या हातात आहे. कर्नाटक संगीतात स्वर क्वचितच स्थिर उभा राहतो. वादक तार पडद्यावर आडवी ओढतो, तिला ताण देतो आणि स्वराला हवे तेथे नेऊन आंदोलित करतो. यालाच गमक म्हणतात. पडद्याने दिलेला स्वर हा केवळ निघण्याचा बिंदू असतो. येथे एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावयास हवी. तार ओढल्याने स्वर चढतो, उतरत नाही. पडदा किंचित उतरा बसला असेल, तर बोट त्याला सावरून घेईल. तो चढा बसला असेल, तर कोणतेही बोट त्याला खाली आणू शकणार नाही. म्हणून शंका आली तेथे उतरत्या बाजूला राहणे शहाणपणाचे असते.

नादाची जडणघडण

स्वर बरोबर लागणे ही एक गोष्ट, आणि त्याचा नाद चांगला असणे ही दुसरी. वीणेचा नाद मुख्यतः घोडीवर ठरतो. लाकडी घोडीच्या माथ्यावर धातूची एक किंचित फुगीर पट्टी बसविलेली असते. कंप पावणारी तार या फुगीर पृष्ठाला हलकेच घासत राहते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अनेक उपस्वर उमटतात. पट्टीचा उतार एका बाजूला कणभर कमी झाला, तर आवाज मुका होतो. जास्त झाला, तर तो झणझणू लागतो.

मिरजेच्या तंतुवाद्यकारांना हे सांगावयास नको. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी लावणारा मिरजेचा कारागीर आणि वीणेच्या घोडीची पट्टी बसविणारा तंजावरचा कारागीर हे एकच काम करीत असतात. एवढेच की तंबोऱ्यात झणकार हाच वाद्याचा प्राण असतो, आणि वीणेत तो आवरलेला असावा लागतो. नाहीतर गमकाची सूक्ष्म वळणे त्या झणकारात बुडून जातील. तंजावरच्या वीणेला २०१३ साली आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट या दोन गावांचे नाते दाखविण्यास पुरेशी आहे.

तार कोठे छेडली जाते, यावरही नाद अवलंबून असतो. घोडीजवळ छेडली तर आवाज तीक्ष्ण व धातूसारखा येतो. पडद्यांकडे सरकून छेडली तर तो गोल व भरीव होतो. बेस गिटारमध्ये हाच भेद विजेने साधतात. तारांखाली बसविलेली चुंबके घोडीजवळ असतील तर तीक्ष्ण, दूर असतील तर गोल नाद उचलतात. आणि नादाची कळ फिरविली की वरचे उपस्वर कापले जातात. मोठ्या सभागृहांच्या गरजेपोटी अनेक वीणावादकही आता वाद्याला चिकटणारा ध्वनिग्राहक लावतात. त्याने आवाज मोठा होतो आणि गमकाची शेपटी दूरवर ऐकू जाते. परंतु त्याबरोबर पडद्याची चूकही तितकीच मोठी होते.

उन्हाळा, मेण आणि माणूस

मधमाशीचे मेण वितळावयास साठ अंशांहून अधिक उष्णता लागते. पण मऊ पडावयास तंजावरचा वैशाख पुरतो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या वीणेचे पडदे बोटांच्या नित्याच्या दाबाखाली हळूहळू खचतात व कलतात. हे एका दिवसात घडत नाही आणि म्हणूनच लवकर ध्यानात येत नाही. विद्यार्थ्याचा कान चुकीच्या गांधाराला सरावतो. शिवाय पडद्यांच्या माथ्यावर तारांच्या घर्षणाने खोबणी पडतात, आणि जुने मेण कोरडे होऊन तडकते. कधी ना कधी पडदे काढून मेळ नव्याने बांधावाच लागतो.

हा दोष टाळण्यासाठी स्क्रूने बसणारे पडदे आणि कृत्रिम पदार्थांच्या दांड्या वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. प्रवास करणाऱ्या वादकाची सोय त्यांत आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु मेणाचा एक गुण या चर्चेत सहसा विसरला जातो. मेण चूक दुरुस्त करू देते. ठोकलेला पडदा जन्मभर एकाच निवाड्याला बांधलेला असतो. मेणातला पडदा दर वेळी नवा निवाडा मागतो, आणि तो निवाडा त्या विशिष्ट वाद्याचा, त्याच्या तारांचा आणि त्याच्या वादकाच्या बोटाचा विचार करून दिला जातो.

याचाच दुसरा अर्थ असा की, ही वीणा एकट्याने जगू शकत नाही. लाकूड शंभर वर्षे टिकेल. मेळ तितका टिकणार नाही. फणसाचे खोड पाहून वाद्य घडविणारा, आणि ते वाजविणारा, या दोघांच्या मध्ये मेळ बांधणारा एक तिसरा माणूस असतो. त्याचे नाव वाद्यावर कोरलेले नसते आणि कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले नसते. त्याची विद्या पुस्तकातून शिकता येत नाही. दुसऱ्याच्या शेजारी बसून ती थरथर कोठे थांबते हे अनेक वर्षे ऐकावे लागते. भौगोलिक मानांकनाने गावाचे नाव सुरक्षित होते, परंतु कान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्यासाठी शेजारी बसणारा कोणीतरी लागतो. तो न मिळाला, तर तंजावरची वीणा दिवाणखान्यात शोभेल. सुरात मात्र लागणार नाही.

वाचकाला कधी वीणावादन ऐकण्याचा योग आला, तर आरंभापूर्वीची दोन मिनिटे दवडू नयेत. वादक खुंट्या पिळतो, कड्या सरकवितो, आणि मग मधूनच एखाद्या पडद्यावर बोट ठेवून मान तिरकी करून ऐकतो. त्या वेळी तो केवळ तार पाहत नसतो. महिन्यांपूर्वी कोणीतरी मेणात बसवून दिलेला तो पडदा अजून आपल्या जागी आहे की नाही, याची तो खात्री करून घेत असतो.